ईस्ट एंडची सेलीना : एक प्रस्तावना

खलनायकाला नायक करायचं ठरलं की लेखकापुढे दोन सोपे रस्ते असतात. एक म्हणजे त्याने पूर्वी केलं ते मुळात तितकं वाईट नव्हतंच, असं मागाहून सांगायचं. लहानपणीचा छळ, एखादा गैरसमज, कुणीतरी केलेला विश्वासघात असं काहीतरी शोधून त्याला निर्दोष सोडायचं. दुसरा रस्ता त्याहून सोपा: त्याच्यासमोर त्याच्यापेक्षा मोठा राक्षस उभा करायचा, म्हणजे हा आपोआप सुसह्य वाटू लागतो. अमेरिकन कॉमिक्सने १९९०च्या दशकात हे दोन्ही रस्ते पुरेपूर वापरले. स्पायडरमॅनचा वैरी व्हेनम १९८८मध्ये आला, वाचकांना तो भलताच आवडला आणि १९९३मध्ये ‘लीथल प्रोटेक्टर’ ही सहा अंकांची मालिका खास त्याच्या नावाने निघाली. आदल्या वर्षापर्यंत माणसांच्या जिवावर उठलेला व्हेनम सॅन फ्रान्सिस्कोत निरपराधांचा रक्षक झाला. या बदलाची किंमत त्याला कुणी मागितली नाही, आणि त्याने स्वतःहूनही ती मोजली नाही.

ज्या मालिकेची ओळख करून देण्यासाठी हे लिहितो आहे, ती या दोन्ही रस्त्यांनी गेली नाही. डीसी कॉमिक्सच्या ‘कॅटवुमन’ मालिकेचा पहिला अंक जानेवारी २००२ची तारीख घेऊन आला. लेखक एड ब्रुबेकर, चित्रकार डार्विन कुक. मालिका २००८पर्यंत चालली, एकूण ८२ अंक निघाले. त्यातले पहिले ३७ ब्रुबेकरचे. सुपरहिरो कॉमिक्समध्ये गुन्हेगाराच्या आयुष्याचा इतका प्रामाणिक हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही. सेलीना काइल चांगली झाली, असं हे ३७ अंक कुठेही म्हणत नाहीत. ती चोरी सोडत नाही, पोलिसांना शरण जात नाही, झाल्या गेल्याची माफी मागत हिंडत नाही. बदलतं ते एवढंच, की आजवर फक्त स्वतःला बांधील असलेली ही बाई एका वस्तीला बांधील होते. त्या एका बदलातून कायकाय निघतं, कुणाकुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं आणि तरीही ती मागे का फिरत नाही, हा या मालिकेचा विषय आहे.

इथपर्यंत यायला कॅटवुमनला साठ वर्षं लागली. तो प्रवास माहीत असल्याशिवाय ब्रुबेकरने काय केलं ते नीट कळत नाही, म्हणून आधी तो सांगतो.

‘बॅटमॅन’ मालिकेचा पहिला अंक १९४०च्या वसंतात निघाला. बिल फिंगरचं लेखन, बॉब केनची चित्रं. जोकर ज्या अंकात पहिल्यांदा आला, त्याच अंकात हीसुद्धा आली. तेव्हा तिचं नाव नुसतं ‘कॅट’ होतं, आणि मांजराचा पोशाखही नव्हता. एका श्रीमंत बाईच्या यॉटवर किमती हार चोरीला जातो. चोर असते ती म्हातारीचं सोंग घेतलेली एक तरुण बाई. पाय दुखावल्याच्या बहाण्याने तिने बँडेज बांधलेलं असतं आणि हार त्या बँडेजमध्येच दडवलेला असतो. बॅटमॅन तिला पकडतो, सोंग उतरवतो आणि शेवटी तिला निसटू देतो. ती पाण्यात उडी घेते तेव्हा रॉबिन तिच्यामागे धावायला बघतो, पण बॅटमॅनच त्याच्या वाटेत येतो. कायद्यासाठी उभ्या राहिलेल्या नायकाने एका गुन्हेगाराला जाणूनबुजून सोडलं. या पात्राचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका कृतीतून आलेलं आहे. बाकीच्या खलनायकांना बॅटमॅन हरवतो. हिच्यापुढे मात्र तो स्वतःचा नियम मोडतो. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून दोन बाजूंच्या मधल्या जागेत उभी आहे.

ती मधली जागा पुढच्या लेखकांना अस्वस्थ करत राहिली. १९५०च्या अखेरीस ‘बॅटमॅन’च्या ६२व्या अंकात तिला पहिल्यांदा सेलीना काइल हे नाव मिळालं आणि त्याच अंकात तिला सुधारण्याचा पहिला प्रयत्न झाला. बॅटमॅनला वाचवताना तिच्या डोक्याला मार बसतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिला आठवतं की आपण तर विमानातल्या हवाईसुंदरी होतो. एका अपघातात स्मृती गेली आणि मधली सगळी गुन्हेगारी त्या विस्मृतीत घडली. काही काळ ती पाळीव प्राण्यांचं दुकान चालवते, बॅटमॅनला मदत करते. १९५४मध्ये ती पुन्हा चोरीकडे वळली. त्याच वर्षी फ्रेड्रिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्सविरुद्धचं पुस्तक गाजलं, अमेरिकी सिनेटने या व्यवसायाची चौकशी मांडली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, प्रत्येक वेळी चांगल्याचाच वाइटावर विजय झाला पाहिजे, अशी त्याची कलमं होती. जोकरला त्या नियमांत जागा होती, कारण जोकरबद्दल कुणाला सहानुभूती वाटण्याचा प्रश्नच नव्हता. कॅटवुमनला नव्हती. १९५४नंतर ती कॉमिक्सच्या पानांवरून नाहीशी झाली ती थेट १९६६मध्ये परतली. मला वाटतं, या पात्राची एवढी मोठी पावती दुसऱ्या कुणी दिलेली नाही. सेन्सॉरला ती नेमकी कळली होती.

१९६६च्या टीव्ही मालिकेत ज्यूली न्यूमार आणि नंतर अर्था किट यांनी तिला घराघरांत पोचवलं. पण कॉमिक्समध्ये खरं वळण आलं ते १९८७मध्ये, फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या ‘बॅटमॅन : इयर वन’मध्ये. गॉथम शहराच्या ईस्ट एंड या बकाल भागात राहणारी, शरीरविक्रय करून जगणारी सेलीना तिथे दिसते. तिच्या सोबत होली नावाची एक अल्पवयीन मुलगी असते, तीही त्याच धंद्यात ढकललेली. मिलरच्या कथेत सेलीनाला फारशी पानं नाहीत. जी आहेत त्यांतलीही काही मला बटबटीत वाटतात. पण त्या पानांनी तिला एक पत्ता दिला. यॉटवरच्या हारापासून सुरू झालेली ही बाई कुठल्या गल्लीतून आली, ते पहिल्यांदा ठरलं. मिंडी न्यूएल यांनी १९८९मध्ये चार अंकांच्या छोट्या मालिकेत तोच धागा पुढे नेला आणि सेलीनाला मॅगी नावाची बहीण दिली.

टिम बर्टनच्या १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये मिशेल फायफरने कॅटवुमन गाजवली आणि पुढच्याच वर्षी तिच्या नावाची नियमित मालिका सुरू झाली. ती २००१पर्यंत चालली. तिची ओळख झाली ती चित्रकार जिम बॅलंट यांच्या रेखाटनांमुळे: जांभळा चिकटून बसलेला पोशाख, मांडीपर्यंतचे बूट, मुखवट्याबाहेर भुरभुरणारे लांब केस आणि प्रत्येक चौकटीत वाचकाच्या नजरेसाठी मुद्दाम वळवलेलं शरीर. मालिका खपली. पण सेलीना या बाईला काय हवं आहे, हे त्या पानांतून क्वचितच कळत असे. शेवटी ती मेली असं गॉथमने धरून चाललं आणि मालिका थांबली.

डार्विन कुक टोरोंटोचा. कॉमिक्समध्ये स्थिरावण्याआधी तो वॉर्नर ब्रदर्सच्या बॅटमॅन ॲनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड काढत असे. ‘बॅटमॅन बियाँड’ची शीर्षकदृश्यं त्याची. तिथे एक शिस्त अंगात मुरते. आकृती लांबून, अंधारात, पळताना दिसली तरी ओळखू आली पाहिजे आणि कपड्यांतून माणसाचं काम कळलं पाहिजे. त्याने सेलीनाचा पोशाख मुळापासून नव्याने बांधला. काळ्या चामड्याचा एकसंध सूट, पुढे चेन, सपाट तळाचे बूट, कमरेला चाबूक, कापून आखूड केलेले केस, आणि डोळ्यांवर मोठे गॉगल. हे गॉगल नीट पाहावेत. डोळ्यांना बारीक भोकं पाडलेला जुना मुखवटा नाटकातला होता. गॉगल हे हत्यार आहे, वेल्डिंग करणारा कारागीर किंवा मोटारसायकलवाला वापरतो तसं. ते कपाळावर सरकवले की खाली सेलीनाचा दमलेला, चिडलेला, कधी हसणारा चेहरा दिसतो. डोळ्यांवर ओढले की ती कामाला लागते. घरफोडीला निघालेली बाई काय घालेल, हा प्रश्न साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारला होता. पुढची वीस वर्षं जवळजवळ प्रत्येक चित्रकाराने हाच पोशाख किंवा त्याची आवृत्ती काढली. माइक ऑलरेडच्या शाईने कुकच्या रेषेला गोलाई दिली, आणि मॅट हॉलिंग्सवर्थच्या रंगांनी गॉथमचा नेहमीचा निळाकाळा अंधार बाजूला ठेवून संध्याकाळचे मळके, उबदार रंग आणले. ईस्ट एंडमध्ये लोक राहतात, हे त्या रंगांतून जाणवतं.

मालिकेआधी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या ७५९ ते ७६२ या अंकांच्या मागच्या पानांत ब्रुबेकर आणि कुक यांनी एक छोटी कथा चालवली. मेलेली समजली जाणारी सेलीना खरंच मेली का, हे शोधायचं काम स्लॅम ब्रॅडली नावाच्या खासगी गुप्तहेराला मिळतं. हा स्लॅम म्हणजे कॉमिक्सच्या इतिहासातला जुना माणूस. तो मार्च १९३७मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात आला होता, सुपरमॅनच्या एक वर्ष आधी. त्याला घडवणाऱ्यांत सुपरमॅनचेच जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर होते. ब्रुबेकरने त्याला पन्नाशी उलटलेला, मार खाऊन खाऊन चेहरा खडबडीत झालेला, कुणावर सहसा विश्वास न ठेवणारा माणूस करून परत आणला. तो सेलीनाला शोधून काढतो आणि मग ज्यांनी काम दिलं त्यांना काहीच सांगत नाही. यॉटवर बॅटमॅनने जे केलं तेच स्लॅम करतो, पण त्याच्यामागे बॅटमॅनचा पैसा, वाडा किंवा पंथ काही नाही. पुढे तो तिच्या सोबत काम करतो आणि तिच्या प्रेमातही पडतो. त्या प्रेमाचं काय होतं हा मालिकेतला सर्वांत हळवा धागा आहे.

मग येतो मालिकेचा पहिला भाग. सेलीना परत आली आहे, पण तिला स्वस्थ झोप नाही. डॉ. लेस्ली टॉम्पकिन्स ही ब्रूस वेनला, म्हणजे बॅटमॅनला, लहानपणापासून ओळखणारी, गरीब वस्तीत दवाखाना चालवणारी डॉक्टर. सेलीना तिच्याशी बोलते. होली आता मोठी झाली आहे आणि अजून ईस्ट एंडमध्येच आहे. (१९८८मधल्या एका कथेत होली मारली गेली होती. ते ध्यानात न आल्याने ब्रुबेकरने तिला जिवंत आणलं आणि खुलासा नंतर झाला. या चुकीबद्दल वाचकांनी आभारच मानायला हवेत.) होली सांगते की रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांचे खून पडत आहेत आणि पोलिसांना त्याचं काहीच वाटत नाही. बॅटमॅनलाही ही बातमी पोचलेली नाही. तो उंच इमारतींच्या टोकांवरून शहर बघतो, आणि या बायका तिथून दिसत नाहीत. ज्या गल्लीत स्वतः उभी राहिली, त्या गल्लीतल्या बायकांसाठी सेलीना उतरते. खुनी चेहरा बदलू शकणारा आहे, म्हणजे कथेत अद्भुताचा अंश आहे. पण भीती वाटते ती त्याच्या शक्तीची नाही. भीती वाटते ती त्याने असे बळी निवडले याची, जे हरवले तर कुणी तक्रार द्यायला जाणार नाही.

इथे सेलीना ठरवते की ईस्ट एंड आपला. मराठी वाचकाला या ठिकाणी अण्णा भाऊ साठे यांचा फकिरा आठवणं साहजिक आहे. भुकेल्या माणसांसाठी लुटणारा माणूस आपल्या साहित्याने फार पूर्वी उभा केला. पण फरक मोठा आहे आणि तो लक्षात ठेवावा. फकिराची लूट सुरुवातीपासून इतरांसाठी आहे, म्हणून तो वाचकाच्या नजरेत निष्कलंक राहतो. सेलीनाने आयुष्यभर स्वतःसाठी चोरलं, आणि तिला त्यात आनंद होता. कुकने एकट्याने लिहून काढलेलं ‘सेलीनाज बिग स्कोअर’ हे २००२चं पुस्तक त्या आनंदाचंच आहे. गुन्हेगारी टोळीचा पैसा घेऊन धावणारी रेल्वेगाडी लुटायची योजना, प्रत्येकाचं ठरलेलं काम, आणि सेलीनाला चोरीची कला शिकवणारा स्टार्क. स्टार्कचा चेहरा अभिनेता ली मार्व्हिनचा आहे आणि नाव रिचर्ड स्टार्क या टोपणनावावरून घेतलेलं आहे. त्या टोपणनावाने डोनाल्ड वेस्टलेकने पार्कर या निर्ढावलेल्या चोराच्या कादंबऱ्या लिहिल्या. पुढे कुकने याच पार्करच्या कादंबऱ्यांची चित्रकथा केली, त्यातली पहिली ‘द हंटर’ २००९मध्ये आली. ‘बिग स्कोअर’ वाचताना आपल्याला सेलीना यशस्वी व्हावी असं मनापासून वाटतं. तीच बाई नंतर वस्तीसाठी उभी राहते तेव्हा तो आनंद तिच्या हातातून सुटत नाही. लेखकाने ते लपवलेलं नाही, म्हणून ती खरी वाटते.

चांगुलपणाचा हा नवा उद्योग पहिल्यांदा महाग पडतो तो हिऱ्यांमुळे. होली ईस्ट एंडमध्ये सेलीनाचे डोळे-कान झाली आहे आणि भ्रष्ट पोलिसांच्या व्यवहारात ती अडकते. त्या पोलिसांचे हिरे सेलीना पळवते. ही चोरी कुणालाही योग्यच वाटेल. त्या हिऱ्यांच्या पैशातून ईस्ट एंडमध्ये मुलांसाठी केंद्र उभं राहतं, रस्त्यावरच्यांना मदत मिळू लागते. तो पैसा कुठून आला हे सेलीनाच्या डोळ्यांसमोर असतं, पण परिणाम दिसायला वेळ लागतो. हिरे ज्याचे होते त्याच्या साखळीच्या वरच्या टोकाला रोमन सायोनिस, म्हणजे ब्लॅक मास्क, बसलेला असतो.

१२ ते १६ या पाच अंकांची ‘रिलेंटलेस’ ही कथा म्हणजे या मालिकेचा गाभा आहे. ती वाचण्याआधी वाचकाने मनाची तयारी करावी, असं मी आग्रहाने सांगेन. ब्लॅक मास्क सेलीनावर हात टाकत नाही. तो तिच्या आयुष्यात जे जे जपण्यासारखं आहे ते शोधून काढतो आणि एकेक करून मोडतो. मुलांचं केंद्र उडवून दिलं जातं. मॅगी आणि तिचा नवरा सायमन यांना पळवलं जातं. सायमनचे हाल करून त्याला मारलं जातं, आणि मॅगीवर जे लादलं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातून तिची बुद्धी परत येत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे ब्लॅक मास्कला वाट दाखवणारी सिल्व्हिया, सेलीना आणि होलीची जुनी मैत्रीण, त्याच गल्लीत वाढलेली. आपण त्या गल्लीत राहिलो आणि सेलीना मात्र निघून गेली, ही तिची तक्रार आहे. ती तक्रार खोटी नाही. शेवटी होली सिल्व्हियाला गोळी घालते, आणि सेलीनाशी झुंजताना ब्लॅक मास्क उंचावरून कोसळतो.

कॅमेरॉन स्टुअर्टने हे पाच अंक काढले आहेत. त्याची रेषा स्वच्छ आणि गोलसर, लहान मुलांच्या पुस्तकात शोभावी अशी. त्या रेषेत हे सगळं घडताना पाहिलं की वाचकाला लपायला जागा उरत नाही, कारण गडद सावल्या आणि खरखरीत शाई यांचा जो आडोसा भयकथेत मिळतो, तो इथे काढून घेतलेला आहे. ही निवड मला या मालिकेतली सर्वांत धाडसी वाटते.

एखादा सामान्य लेखक इथे ब्लॅक मास्क पडल्यावर कथा संपवेल आणि पुढच्या अंकात नवा शत्रू आणेल. ब्रुबेकरने पुढचे तीन अंक, ‘नो ईझी वे डाऊन’, हाविएर पुलिडोकडून काढून घेतले आणि त्यांत जवळजवळ काहीच घडू दिलं नाही. मॅगी कुणाशी बोलत नाही. होलीच्या हातून माणूस मेला आहे आणि जुनं व्यसन तिला खुणावतं आहे. सेलीना दारू पिते, स्लॅमजवळ जाते, आणि दोघांनाही कळतं की हे प्रेम दुःखावर टेकलेलं आहे. माझ्या बहिणीचं हे झालं ते मी हिरे चोरले म्हणून, हा विचार तिचा पाठलाग सोडत नाही. मालिकेत कुणीही तिला समजावत नाही की तुझा दोष नव्हता. तिचा दोष होताच. ती चोर होती, चोरी करताना परिणाम आपल्यावरच येतील असं तिने गृहीत धरलं, आणि ते गृहीत चुकलं. मुद्दा असा की एवढं झाल्यावरही ती वस्ती सोडत नाही. निरपराध असण्याचा दावा न करता जबाबदारी घ्यायची, हे सुपरहिरो कॉमिक्सला फार कमी वेळा जमलं आहे. बॅटमॅनलासुद्धा ते जमत नाही. त्याच्या सगळ्या कामाच्या मुळाशी एका निष्पाप मुलावर झालेला अन्याय आहे. सेलीनाजवळ तसलं भांडवल नाही.

नंतर सेलीना होलीला घेऊन गाडीने देशभर फिरायला निघते. स्टुअर्टने काढलेले हे अंक हलके आणि मोकळे आहेत आणि त्यांची गरजही होती. त्यानंतरचे, पॉल गुलेसीच्या चित्रांचे अंक मला तितके भावले नाहीत. ईस्ट एंडचा रस्ता तिथे पुसट होत जातो, चेहरे ताठर होतात आणि शहर कुठल्याही गुन्हेकथेतलं वाटू लागतं.

ब्रुबेकर गेल्यावर काही अंकांनी विल फायफर लेखक म्हणून आला. त्याच्या ५०व्या अंकात एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल वाचकांत अजूनही भांडणं होतात. जादूगार झटॅना सेलीनाला सांगते की काही वर्षांपूर्वी तिने आपल्या जादूने सेलीनाच्या मनात फेरफार केला होता, तिला चांगल्याकडे वळवलं होतं. म्हणजे ईस्ट एंड, होली, मुलांचं केंद्र, सगळं कुणीतरी बाहेरून पेरलेलं असू शकतं. सेलीनाचा पहिला प्रतिसाद शब्दांत नसतो. ती झटॅनाला खिडकीतून बाहेर ढकलते.

अनेकांना हा प्रसंग ब्रुबेकरच्या कामावर बोळा फिरवणारा वाटतो. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी १९५०कडे परत जावं लागतं. तेव्हा डोक्याला मार लागून स्मृती गेली म्हणून ती गुन्हेगार झाली, असं सांगितलं गेलं. आता जादू झाली म्हणून ती चांगली झाली, असं सांगितलं गेलं. पंचावन्न वर्षांत एका बाईचे गुन्हेही तिचे उरले नाहीत आणि तिचा चांगुलपणाही. दोन्ही वेळा तिने स्वतः घेतलेला निर्णय तिच्याकडून काढून घेतला गेला. मधे एकदा, १९८३मध्ये, ॲलन ब्रेनर्टने ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’मधल्या एका कथेत या चोरीची भरपाई केली होती. तिथे प्रौढ झालेली सेलीना बॅटमॅनजवळ कबूल करते की ती विस्मृती खोटी होती. त्या आयुष्यातून बाहेर पडायचं होतं, म्हणून तिनेच ती रचली. एका वाक्यात ब्रेनर्टने तिला तिचा निर्णय परत दिला. फायफरची सेलीना ते आणखी कठोरपणे करते. झटॅनाचं ऐकून ती जुन्या चोरीकडे पळत नाही, आणि वस्तीही सोडत नाही. ५२व्या अंकात ब्लॅक मास्क परततो तेव्हा ती त्याच्या डोक्यात गोळी घालते. बॅटमॅनने हे कधीच केलं नसतं. झटॅनाच्या जादूनेही तिला हे करू दिलं नसतं. ही कृती बरी की वाईट हे वाचकाने ठरवावं. पण ती पूर्णपणे सेलीनाची आहे, याबद्दल मालिका शंका ठेवत नाही.

पुढच्या अंकांत सेलीनाला मुलगी होते, होली काही काळ तिचा पोशाख चढवते, आणि मुलीला सुरक्षित ठेवण्यासाठी तिला दत्तक देण्याचा निर्णय सेलीनाला घ्यावा लागतो. पीट वुड्सची चित्रं या भागात जोमदार आहेत. पण तोवर कंपनीच्या मोठ्या महाकथांचे धक्के मालिकेला बसू लागले होते, आणि ईस्ट एंडची जवळीक परत तशी साधली गेली नाही.

अशा मालिकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की गुन्हेगाराला नायक केलं की वाचकाची नीतीची जाण बोथट होते. १९५४मध्ये तो घेतला गेला होता आणि आजही घेतला जातो. व्हेनमच्या मालिकेबाबत मी तो मान्य करेन, कारण तिथे हिंसेची किंमत कुणी मोजत नाही. इथे मात्र उलटं घडतं. बॅटमॅनच्या शेकडो अंकांत चोर पकडला जातो आणि पान उलटलं की आपण त्याला विसरतो. चोर कुठून येतो, चोरीची झळ कुणाला लागते, चोराच्या बहिणीचं काय होतं, हे विचारायला ‘कॅटवुमन’ भाग पाडते. या पानांनी वाचकाची जाण तीक्ष्णच होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘सेलीनाज बिग स्कोअर’पासून करावी, मग ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधली स्लॅम ब्रॅडलीची कथा, आणि त्यानंतर पहिले २४ अंक ओळीने वाचावेत. मधे थांबायचं असेल तर ११व्या अंकाशी थांबावं, १६व्याशी कधीही थांबू नये. ‘रिलेंटलेस’ वाचून पुस्तक मिटणाऱ्याच्या हाती फक्त क्रौर्य लागतं, आणि ज्यासाठी ही मालिका लिहिली गेली ते पुढच्या तीन अंकांत आहे. ५० ते ५२ हे अंक नंतर वेगळे मिळवून वाचावेत. मुलांच्या हाती ही मालिका देऊ नये; सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला जरूर द्यावी आणि तिच्यावर त्याच्याशी बोलावं. कुक मे २०१६मध्ये गेला, पण त्याने आखलेला ईस्ट एंड पहिल्या चार अंकांत जसाच्या तसा आहे. तिथूनच आत शिरावं.